क्रूसाच्या खुणेआधी

हर्बर्ट तुस्कानोला एकदा केलेली गोष्ट पुन्हा करायची म्हटली की कपाळशूळ उठतो. गाडी पार्क करायची ती एका दमात. मागेपुढे करत बसणाऱ्यांकडे तो अशा नजरेने बघतो, की ते बिचारे आणखीच चुकतात. खिळा ठोकायचा तो एका ठोक्यात. रश्शात मीठ घालायचं ते एकदाच, मग तो अळणी झाला तरी घरच्यांनी मुकाट्याने गिळायचा. 'एक घाव, दोन तुकडे' असं आपल्याकडे लोक नुसतं बोलतात, हर्बर्ट तसा जगतो. त्याची बायको लिझा सांगते की लग्नाचंसुद्धा त्याने एकदाच विचारलं होतं. तेव्हा शेजारून ट्रक गेला असता आणि तिला ऐकू आलं नसतं, तर दोघंही आज बिनलग्नाचे राहिले असते.

माणूस वसईजवळच्या गिरीजचा. मेलबर्नला येऊन पंचवीसेक वर्षं झाली. घर एंडेव्हर हिल्सला, नोकरी तिथून जवळच एका हॉस्पिटलात, एक्स-रे काढायची. त्या नोकरीने त्याच्या स्वभावाला खतपाणीच घातलं. पहिला फोटो बिघडला की दुसरा काढावा लागतो, आणि दुसरा काढला की पेशंटच्या अंगात नाहक जास्तीचे किरण जातात. चूक आपली, भोग त्याचा. म्हणून हर्बर्ट पेशंटला बसवायला वेळ घेतो, उशी सरकवतो, हनुवटी बोटभर वर करतो, आणि बटण एकदाच दाबतो. सगळ्या डिपार्टमेंटमध्ये सर्वांत कमी फोटो त्याचे बिघडतात. याचा त्याला अभिमान आहे, आणि तो असायलाही हवा. घोडं पेंड खातं ते रानात.

शिकारीचा नाद त्याला शेजारच्या ग्लेनने लावला. ग्लेन म्हणजे रिटायर्ड प्लंबर. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. व्हिक्टोरियाच्या डोंगरांत सांबरं मोप झाली आहेत. दीडशे वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबांनी ती हिंदुस्थानाकडून जहाजांत घालून आणली आणि शिकारीच्या हौसेसाठी इथे सोडली. साहेब गेले, सांबरं राहिली. हर्बर्टला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तो फार खूश झाला होता. "म्हणजे आपल्याआधी आलेली आपल्याकडची मंडळी," तो लिझाला म्हणाला, "आणि यांना पीआरच्या व्हिसाची लाइन नाही, इंग्लिशची टेस्ट नाही!" पण खूश झाला म्हणून त्यांच्यामागे बंदूक घेऊन जायचं काही त्याने सोडलं नाही. परवाना काढला, क्लबात नाव घातलं, आणि बघता बघता तिथे 'वन-शॉट हर्ब' म्हणून प्रसिद्ध झाला.

ही प्रसिद्धी आपल्या मंडळींत पसरवली शिरीषने. शिरीष त्याच हॉस्पिटलातला पुण्याचा डॉक्टर. स्वतःच्या घरी शाकाहारी, हर्बर्टच्या घरी सर्वाहारी. सांबराच्या मटणाचं ताट पुढे आलं की तो शेजारच्याला आधी गोष्ट ऐकवायचा, "एक गोळी बरं का, फक्त एक," आणि मग रस्सा ओरपायचा. हर्बर्ट वरवर "जाऊ दे रे" म्हणायचा. आतून त्याला गुदगुल्या व्हायच्या.

गोळी सुटल्यावर हर्बर्ट काय करतो, ते इथे सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं आहे. गोळी सुटली की तो बंदूक डाव्या हाताला गवतावर ठेवतो. टोपी काढतो. डोळे मिटून क्रूसाची खूण करतो आणि पुटपुटतो, "देवा, तुझं होतं, तू दिलंस." मगच तो उठतो आणि बंदुकीचा बोल्ट मागे ओढून दुसरी गोळी आत घेतो, तीही नुसती नियम म्हणून.

हे सगळं त्याच्या वडिलांचं. पप्पा तुस्कानो गावात लग्नाचं डुक्कर कापायचे. कुणाकडे लग्न निघालं की आदल्या दिवशीचं बोलावणं त्यांनाच. हर्बर्ट शेंडेफळ, तो दुसरीत असताना पप्पा गेले, त्यामुळे बापाच्या आठवणी मोजक्याच, पण ही एक लख्ख. पप्पांचा हात पुढे जातो, सुरी आत जाते, आणि पप्पा सुरी खाली ठेवून क्रूसाची खूण करताहेत. मागे कुणीतरी लग्नातलं गाणं म्हणतंय. एक घाव, आणि मग देवाचं नाव. जनावराला दुसऱ्यांदा हात लावणं म्हणजे त्याची विटंबना, असं पप्पांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. हर्बर्टला ते तसंच समजलं होतं.

ग्लेनला हे बिलकूल पटत नसे. "बोल्ट फर्स्ट, मेट," तो म्हणायचा. "जीझस कॅन वेट." क्लबच्या बार्बेक्यूला यावरून दर वेळी जुंपायची. ग्लेनचं म्हणणं साधं होतं: गोळी लागलेलं जनावर पायांवर उभं आहे तोवर गोळ्या झाडत राहायच्या, ते पडेपर्यंत. मांस खराब झालं तर झालं, नेम हुकल्याची शरम वाटली तर वाटली. हर्बर्ट त्याला उलटा टोला द्यायचा. दुसरी गोळी आहे, असं ज्याच्या मनात असतं त्याचा पहिला नेम ढिला पडतो. आमच्या कामात असंच असतं, सेकंड चान्स आहे म्हटलं की हात सैल. यात काही खोटं नव्हतं. क्लबातले निम्मे जण माना डोलवायचे. ग्लेन बिअरचा घोट घ्यायचा आणि म्हणायचा की हे सगळं तू सांबराला समजावून सांग.

आणि मग यंदाचा तो शनिवार आला.

हर्बर्टचा मुलगा फ्रँकी पॉइंट कुकला राहतो. त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा पुढच्या रविवारी होता. आजोबांनी सगळ्यांना छातीठोक सांगून ठेवलं होतं: जेवणात सांबराचं मटण, वसईच्या बॉटल मसाल्यातलं. मसाला घेऊन गिरीजहून त्याची मोठी बहीण मेरीबाय खास आली होती. पप्पा आणि आई गेल्यावर याला तिनेच वाढवलं. विमानतळावरच्या कस्टमवाल्याने मसाल्याची बाटली उघडून हुंगली आणि शिंकता शिंकता तिला जायला सांगितलं, ही गोष्ट ती आल्यापासून भेटेल त्याला सांगत होती. तयारी सगळी झाली होती. बाकी होतं ते फक्त सांबर.

दुपार कलली होती. डोंगराच्या एका सोंडेवर हर्बर्ट पालथा पडून होता, समोरच्या सोंडेवर ग्लेन दुर्बीण लावून बसला होता, आणि मध्ये नेच्यांनी आणि ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्यांनी भरलेली घळ. नेच्यांतून एक मादी बाहेर आली. अंतर आवाक्यातलं, वारा बरोबर. हर्बर्टने श्वास अर्धा सोडला आणि घोडा दाबला. नेमक्या त्याच क्षणी तिने एक पाऊल टाकलं.

तिचं अंग आक्रसलं. पण ती पळाली नाही. सांबरं कधीकधी असं करतात. काय झालं, कुठून झालं हे न कळून जागीच उभी राहतात. हर्बर्टने तिला उभी बघितली. आता पडेल, त्याला वाटलं. त्याने बंदूक गवतावर ठेवली, टोपी काढली, डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा तिथे नुसते नेचे हलत होते.

ती उभी होती त्या जागी थोडं रक्त पडलं होतं, लालभडक. ग्लेन लंगडत लंगडत घळ उतरून येईपर्यंत हर्बर्ट गुडघ्यांवर बसून पाला चाळत होता. पाल्यात त्याला हाडाचा एक कपचा मिळाला, नखाएवढा. त्याने तो बोटांत फिरवला, एका बाजूचा गुळगुळीत बाक अंगठ्याने चाचपला. ज्याने जन्मभर माणसांची हाडं बघितली त्याला जनावराचं ओळखायला वेळ लागत नाही. खांद्याखालचं हाड, पुढच्या पायाचं. म्हणजे गोळी खाली आणि पुढे गेली. काळीज शाबूत, फुप्फुस शाबूत. ही आज मरणार नाही, उद्याही नाही. तीन पायांवर फिरत राहील, जखम सडेल, मग कधीतरी रानकुत्री तिला गाठतील.

अंधार पडेपर्यंत दोघांनी शोधलं. मग पाऊस आला आणि होता नव्हता तो माग धुऊन गेला. रविवारी सकाळी पुन्हा घळीत उतरले. हर्बर्टने ब्लॅकबेरीत हात-तोंड ओरबाडून घेतलं, ग्लेनचा गुडघा सुजला, सांबर काही मिळालं नाही. दुपारी दोघं गाडीत बसले.

डोंगर उतरून सपाटी लागली तरी ग्लेन बोलला नाही. ग्लेन गप्प बसला की समजावं की काहीतरी फार बिनसलंय. शेवटी एका पेट्रोल पंपावर गाडी थांबली तेव्हा तो समोर बघत म्हणाला, "शी स्टूड देअर, हर्ब." ती उभी होती. आडवी, उघड्यावर, तो सांगत गेला. मला दुर्बिणीतून सगळं दिसत होतं; तुझ्या दिशेने गोळी मला झाडता येत नव्हती. मी ओरडलोही. आणि तुझे डोळे बंद होते, मेट.

"मी प्रेअर करत होतो," हर्बर्ट म्हणाला.

"आय नो," ग्लेन म्हणाला आणि पेट्रोल भरायला उतरला.

घरी आल्यावर हर्बर्टच्या पायाला भिंगरी लागली. बसला की उठायचा, उठला की खिडकीशी जायचा. गॅरेजमध्ये जाऊन आवरलेलीच हत्यारं पुन्हा आवरायचा. खिशातला हात खिशातच; तिथे तो कपचा होता. का आणला हे त्याला सांगता आलं नसतं. टाकून द्यावा असं दहा वेळा मनात आलं आणि टाकवला नाही.

"हरीण नाही मिळालं तर नाही मिळालं," लिझा म्हणाली. "डँडेनॉन्गला जाऊन बकऱ्याचं आणू. त्यात एवढं काय?"

फ्रँकीचा फोन आला. "डॅड, इट्स फाइन, सीरियसली. नोबडी केअर्स."

"मला आहे ना केअर," हर्बर्ट एकदम खेकसला आणि मग पोरावर उगाच ओरडल्याचं त्याला वाईट वाटलं. कोणालाही खरं कारण त्याने सांगितलं नव्हतं. नेम चुकला एवढंच सांगितलं होतं. स्वतःला तो सांगत होता की आपण तिला देवाच्या स्वाधीन केली, आता देव बघून घेईल. सांगत होता, पण पटत नव्हतं. देवाच्या स्वाधीन करायला आधी आपलं काम पुरं झालेलं लागतं, अशी काहीतरी कुरकुर आतून चालली होती, आणि ती ऐकू नये म्हणून तो टीव्हीचा आवाज वाढवत होता.

सोमवारी शिफ्टला गेला. पहिल्याच तासाला एक ग्रीक आजी आली, बाथरूममध्ये पडलेली. हात गळ्यातल्या झोळीत. हर्बर्टने फॉर्म वाचायच्या आधीच ओळखलं: खांद्याखालचं हाड. त्याने तिला बसवलं, उशी दिली, "डोंट मूव्ह, डार्लिंग," म्हणाला आणि बटण दाबलं. नेमकी त्याच क्षणी आजी कळवळून हलली.

पडद्यावर आलेला फोटो धूसर होता. हर्बर्ट त्या धूसर हाडाकडे बघत नुसता उभा राहिला. एरवी त्याला अशा वेळी राग आला असता, स्वतःचा, पेशंटचा, सगळ्यांचाच. आज त्याला भीती वाटली. हा फोटो असाच पुढे पाठवला तर सर्जनला काही दिसणार नाही, आणि ही म्हातारी मोडका हात घेऊन पुन्हा या टेबलापाशी येईल. एकदाच काढला, हे त्याचं मोठेपण तिच्या काय कामाचं?

"अगेन?" आजीने विचारलं.

"अगेन. सॉरी."

"डू इट गुड धिस टाइम," ती म्हणाली आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले.

संध्याकाळी मेरीबाय स्वयंपाकघरात फुग्यांचं, म्हणजे वसईकडच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ फेटत होती. रविवारच्या आधी एकदा करून बघते, इथलं पीठ कसं वागतं कोण जाणे, असं तिचं म्हणणं. हर्बर्ट आला, फ्रीज उघडला, बंद केला. पुन्हा उघडला.

"त्यात काय हरवलंय तुझं?" मेरीबायने विचारलं.

"काही नाही."

"मग दार सोड, थंडी बाहेर येते. आणि बस इथं. काल आल्यापासून भुतासारखा फिरतोयस."

तो बसला आणि बोलला. घळ, मादी, तिने टाकलेलं पाऊल. ती उभी राहिली हे सांगितलं. डोळे मिटले हेही. खिशातला कपचा काढून टेबलावर ठेवला. "पप्पांचंच केलं मी, मेरीबाय," तो म्हणाला. "एकच घाव आणि क्रूसाची खूण. आजपर्यंत कधी चुकलं नाही."

मेरीबायचा हात पिठात थांबला.

"पप्पांचं काय केलंस?"

"एक घाव. पप्पा एका घावात..."

"कुणी सांगितलं तुला एका घावात?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी बघायचो ना. तुझ्या मांडीवर बसून."

मेरीबायने हात धुतले, पदराला पुसले आणि समोरची खुर्ची ओढली. "तू काय बघायचास ते मला विचार," ती म्हणाली. "पहिला घाव बसला की मी तुझे डोळे झाकायचे. डुक्कर काय एका घावात मरतं होय रे? ओरडायचं, पाय झाडायचं, दोन दोन माणसं वर बसायची. पप्पा दुसऱ्यांदा घालायचे, कधी तिसऱ्यांदा. सुरी हातातून सोडायचे नाहीत. पाय हलायचे थांबले, डोळ्याला बोट लावून बघितलं, की मग सुरी खाली. मग क्रूसाची खूण. तेव्हा मी हात काढायचे."

 हर्बर्टने टेबलावरचा तो कपचा उचलून पुन्हा ठेवला.

"आणि आवाज?" त्याने विचारलं. "मला कधी ओरडणं आठवत नाही."

"आठवेल कसं? हात दोनच होते मला, ते डोळ्यांवर. कानांना कुठून आणू? म्हणून मी गायचे. लग्नातलं गाणं, तुझ्या कानाशी, घसा फुटेस्तोवर."

पप्पांचा हात पुढे जातो, सुरी आत जाते, आणि पप्पा क्रूसाची खूण करताहेत. मागे कुणीतरी गातंय. लख्ख आठवण. तिच्यातला मधला तुकडाच कुणीतरी मायेने काढून घेतला होता, आणि उरलेल्या दोन टोकांना गाठ मारून हर्बर्टने त्याचा धर्म केला होता. त्याला लाज वाटली. बहिणीचा राग यावा असं क्षणभर वाटलं, पण तिच्याकडे बघितलं तर ती पुन्हा पिठाशी जाऊन उभी होती आणि तिची पाठ म्हातारी दिसत होती. राग आला नाही.

"मी तुला घाबरवायला नको म्हणून केलं रे," ती पाठमोरीच म्हणाली.

"माहीत आहे, मेरीबाय."

त्याने उठून ग्लेनला फोन लावला. आधी सांबर सापडत नव्हतं म्हणून जीव टांगणीला होता. आता कारण वेगळं होतं. ती अजून जिवंत आहे, आणि ती जिवंत आहे तोवर आपला घाव पुरा झालेला नाही.

मंगळवारी त्याने सुटी टाकली. ग्लेनने डोंगरातल्या आपल्या मेव्हण्याकडून माग काढणारी कुत्री उसनी आणली, मॅगी नावाची, म्हातारी आणि नाकाने तिखट. घळीच्या तोंडाशी तिला सोडली. मॅगी जाळ्यांत शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. प्रत्येक वेळी ती थांबली की हर्बर्ट थांबायचा, ती निघाली की तो धावायचा. "ईझी, मेट," ग्लेन मागून ओरडत होता. ईझी कसलं? सकाळभर हर्बर्टला एकच भीती होती, की आपण पोचू तेव्हा तिथे रानकुत्री असतील.

घळीच्या तळाशी ओढा होता. त्याच्या एका वळणावर मॅगी भुंकायला लागली आणि भुंकतच राहिली.

ती पाण्यात उभी होती. दुखऱ्या अंगाची सांबरं पाण्याचा आसरा धरतात. तीन पायांवर उभी, चौथा पाण्यात नुसता लोंबत होता आणि प्रवाहाबरोबर हलत होता. अंग खंगलं होतं, पोट आत गेलं होतं. जखमेचा वास ओढ्याच्या या काठापर्यंत येत होता. तिने मान वळवून हर्बर्टकडे बघितलं. पळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

हर्बर्टने बंदूक उचलली. झाडाच्या बुंध्याला टेकवली. गोळी सुटली, ती गुडघ्यांवर आली आणि पाण्यात आडवी झाली.

इतक्या वर्षांची सवय. त्याचा डावा हात बंदूक खाली ठेवायला निघालाही होता. ठेवू नकोस, असं ग्लेन काही ओरडला नाही. हर्बर्टने स्वतःच हात थांबवला. पाण्यातून तिचं डोकं वर आलं. एकदा, मग पुन्हा. त्याने बोल्ट ओढला, तो आवाज त्याला केवढा मोठा वाटला, आणि डोळे उघडे ठेवून दुसरी गोळी झाडली. डोकं खाली गेलं. मागचे पाय झाडत होते. त्याने पुन्हा बोल्ट ओढला आणि नेम धरून उभा राहिला. पाय हळू झाले. थांबले.

मग तो पाण्यात उतरला, बंदूक हातातच. वाकला आणि तिच्या डोळ्याला बोट लावून बघितलं. पापणी हलली नाही.

आता त्याने बंदुकीतल्या गोळ्या काढल्या, ती काठावर ठेवली आणि टोपी काढली. क्रूसाची खूण केली. "देवा, तुझं होतं" इथपर्यंत आला आणि 'तू दिलंस' हे त्याच्या तोंडून निघेना. तो रडत होता. "माफ कर," एवढंच म्हणाला, आणि ते देवाला म्हणाला की तिला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. खिशातला कपचा काढून त्याने तिच्या मोडक्या पायाजवळ पाण्यात सोडला.

ते मांस खाण्यासारखं राहिलं नव्हतं. दोघांनी तिला ओढून काठावर वर घेतली आणि रानाला सोडून दिली. परतताना ग्लेनने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. ग्लेनसारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे हर्बर्टला चांगलं ठाऊक होतं.

रविवारी बाप्तिस्मा छान झाला. नातीने पाणी डोक्यावर पडताच चर्च दणाणून सोडलं. पॉइंट कुकला फ्रँकीच्या घरामागच्या अंगणात टेबलं मांडली होती, बॉटल मसाल्यातलं मटण होतं, फुगे टम्म फुगले होते. हर्बर्टचं मात्र लक्ष ठिकाणावर नव्हतं. तो वाढायला उठायचा, अर्ध्यात भांडं ठेवायचा, पाळण्याशी जाऊन यायचा. कुणीतरी विचारणार, हे त्याला माहीत होतं. विचारलं ते अर्थात शिरीषने, आणि तेही भरल्या टेबलावर, नव्या पाहुण्यांना ओळख करून देत.

"हे आमचे वन-शॉट हर्बर्ट! काय हर्बर्ट, यांना सांग ना, या वेळेसही एकच गोळी?"

"हे सांबर नाही, शिरीष," हर्बर्ट म्हणाला. "बकरा आहे, डँडेनॉन्गचा."

"अरे? मग सांबर?"

बाजूला ग्लेन बसला होता. त्याला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, तरी त्याने काटा खाली ठेवला. हर्बर्टला सहज टाळता आलं असतं. नेम चुकला म्हणाला असता, सगळे हसले असते, विषय संपला असता.

"पहिल्या गोळीने नुसता पाय मोडला तिचा," तो म्हणाला. "ती उभी होती, दुसरी झाडायला वेळ होता. मी नाही झाडली. डोळे मिटून बसलो. ती तशीच रानात फिरत होती, मंगळवारपर्यंत. मग जाऊन मारली. तिला तीन गोळ्या लागल्या. यापुढे मला वन-शॉट म्हणू नकोस."

 बाप्तिस्म्याच्या जेवणात हे काय, असं काहींच्या तोंडावर उमटलं. शिरीष फुग्याशी चाळा करायला लागला. पाळण्यात नात किरकिरायला लागली, तशी मेरीबाय उठली. तिने पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि गप्प करायला सवयीने गाणं सुरू केलं. तेच, लग्नातलं. सगळ्यांना हायसं वाटलं. वसईकडच्या बायांनी टाळ्यांचा ठेका धरला.

दुसऱ्या ओळीवर मेरीबायचं लक्ष हर्बर्टकडे गेलं आणि तिचा आवाज तुटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाण्याच्या खालचं सगळं त्याला आता ऐकू येत होतं: ओरडणं, झाडणारे पाय, वर बसलेल्या माणसांचे श्वास, पप्पांचा दुसरा घाव, तिसरा. गाणं तेवढंच गोड होतं. टाळ्या एकेक करून थांबल्या.

"नको रे म्हणू?" तिने विचारलं.

हर्बर्ट उठून तिच्यापाशी गेला आणि उभा राहिला.

"म्हण, मेरीबाय," तो म्हणाला. "पुरं म्हण."